रोज कोण वाचतं? सरकारी खरेदीवरच्या पहाऱ्याची गोष्ट

आधी एक खुलासा करून टाकतो. जुन्या मास्तरांना स्वतःला 'आम्ही' म्हणायची खोड असते, ती या वक्त्यालाही आहे. पण आजच्या गोष्टीतले 'आम्ही' खरोखरच चौघे आहोत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते, बँकेत हयात घालवलेल्या एक बाई, एक शाळामास्तर आणि तत्त्वज्ञान शिकवता शिकवता केस पिकलेला हा प्राध्यापक. चौघेही वसईचे. शिवाय अभियंत्यांची नात, आमच्याहून पन्नासेक वर्षांनी लहान. तिच्यावाचून यातलं काहीही झालं नसतं.

जुलै २०१८ मध्ये आपली वसई पाण्यात होती ते तुम्हाला आठवत असेल. लोकल बंद, मिठागरात माणसं अडकलेली, वीज नाही. पाणी ओसरल्यावर नाक्यानाक्यावर एकच प्रश्न होता: पावसाआधी नाल्यांतला गाळ काढला होता का? काढला असेल तर कुठून, किती, कोणत्या दराने? आमच्या अभियंत्यांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली. रस्ता खराब झाला तर खड्डा दिसतो, पूल पडला तर तुकडे तरी उरतात. नालेसफाईचं तसं नाही. गाळ काढला की नाही याचा पुरावा पहिल्याच मुसळधार पावसात वाहून जातो. मागे राहतात ते फक्त कागद. तेव्हा कागद आधीच पाहिले पाहिजेत आणि नालाही काम सुरू होण्याआधीच पाहिला पाहिजे.

म्हणून आम्ही निविदा वाचायला लागलो. सुरुवातीला हाताने, म्हणजे सकाळी चहा झाला की एकेक संकेतस्थळ उघडून. मग नातीने एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. तो पहाटे ठरलेली पानं उघडायचा, कालच्याशी ताडून बघायचा आणि फरक असला तर आम्हाला निरोप पाठवायचा. आम्ही खूश. एका वर्षी ऐन उन्हाळ्यात सलग एकवीस दिवस निरोप आला, 'नवीन काही नाही.' आम्ही म्हटलं, यंदा उशीर होतोय. प्रत्यक्षात झालं होतं असं, की एका कार्यालयाने निविदांचं पान नव्या पत्त्यावर हलवलं होतं आणि जुनं पान तसंच ठेवलं होतं. यंत्र रोज इमानेइतबारे त्या मेलेल्या पानाची नाडी पाहत होतं. दरम्यान नालेसफाईची अल्पमुदतीची निविदा निघाली, उघडली आणि कामही सुरू झालं. त्या वर्षी आमच्याकडे नाल्याचा 'आधी'चा एकही फोटो नव्हता. दोष कार्यालयाचा नव्हता, नवा पत्ता त्यांनी जाहीर केलेला होता. दोष आमचा होता, आणि आमच्यापैकी विशेषकरून तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचा.

का, ते सांगतो. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलेलं आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही असं आपल्याला कळतं. नैयायिकांना हे वेगळं साधन मान्य नाही, तो वाद आज बाजूला ठेवू. पण 'न दिसणं' पुरेसं नसतं यावर दोघांचंही बोट आहे. घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. हे आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं, आणि एकवीस दिवस अंधारातल्या घड्याबद्दल खात्रीने बोलत राहिलो! यंत्राचं 'काही नाही' म्हणजे 'पाहिलं आणि नव्हतं' की 'पाहताच आलं नाही', हे आम्ही विचारलंच नव्हतं.

त्या फजितीनंतर आम्ही जरा मागे वळून पाहिलं. सरकार काय घेतं, कोणाकडून घेतं, यावर डोळा ठेवण्याची धडपड काही इंटरनेटबरोबर जन्माला आली नाही. तिचा एक धागा तर आमच्या गावातूनच जातो.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांनी आपल्याला किल्ला दिला, चर्चेस दिली, पाव दिला, आणि एक शब्दही दिला: लिलाव. पोर्तुगीज 'लैलांव'वरून तो मराठीत आला. अभ्यासक त्याचं मूळ अरबीतल्या 'जाहीर करणे' या अर्थाच्या शब्दापर्यंत नेतात. म्हणजे बोली लागणं नंतरचं, जाहीर होणं आधीचं. पोर्तुगीज अमलात महसूल गोळा करण्याचे हक्क असे बोलीने दिले जात. तिथे सरकार विकणारं होतं, घेणारं नव्हतं, हे खरं. पण उघड पुकारा, अनेक बोली आणि लेखी नोंद ही तीन अंगं निविदेला आजही आहेत. सिमाव बोतेल्यु याने १५५४ मध्ये पोर्तुगीज भारताच्या उत्पन्नाची जी मोठी नोंदवही तयार केली, तीत वसईच्या उत्पन्नाचाही हिशेब आहे. ती वही लोकांनी वाचावी म्हणून लिहिलेली नव्हती. लिस्बनच्या राजाला आपले इथले अधिकारी काय करतात हे समुद्रापलीकडून कळावं म्हणून लिहिलेली होती.

मराठ्यांनी याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला. पेशवाईत मामलतदाराच्या हाताखाली दरकदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस वगैरे. यांची गंमत अशी, की ते काम मामलतदाराबरोबर करत, पण त्यांना काढून टाकायचा अधिकार मामलतदाराला नसे. दिवाणाची सही मामलतदाराच्या सहीजोडीला लागे, मुजुमदार हिशेब तपासी. म्हणजे ज्याने खर्च केला त्याच्याच हातात खर्चाची एकुलती एक नोंद राहू नये, ही व्यवस्था. तिच्यात भ्रष्टाचार होत नव्हता असं कोणी समजू नये. चौघांनी संगनमत केलं तर चार सह्याही एकाच माणसाच्या असल्यासारख्याच. पण कागद दोन ठिकाणी राहिले, आणि राहिले म्हणून पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसाईंना १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांची निवड छापता आली. वसईच्या मोहिमेची पत्रंही त्यात आहेत. दोनशे वर्षांनंतर आपण विचारू शकतो की अमुक गोष्ट कधी, कोणी, कोणाला लिहिली.

ईस्ट इंडिया कंपनीचं उदाहरण जरा दूरचं, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी हुकूम दिलेला होता की कंत्राटं जाहिरात देऊन, दरवर्षी द्यावीत. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधलं अफूचं कंत्राट जाहिरात न देता, चार वर्षांसाठी, स्टीफन सलिव्हन या तरुणाला दिलं. या तरुणाला अफूतलं काय कळत होतं? त्याचे वडील लॉरेन्स सलिव्हन कंपनीचे बडे सूत्रधार होते, एवढं पुरे होतं. त्याने ते कंत्राट लगेच दुसऱ्याला विकून पैसे केले. एडमंड बर्कने हेस्टिंग्जवर ठेवलेल्या आरोपांत ही कंत्राटं आहेत. खटला १७८८ मध्ये उभा राहिला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. त्याच १७९५ साली कांटचा शाश्वत शांततेवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात तो म्हणतो की इतरांच्या हक्कांना स्पर्श करणारी जी कृती तिचा हेतू जाहीर केल्यास टिकू शकत नाही, ती अन्यायाची. सलिव्हनच्या कंत्राटाला ही कसोटी लावून पाहा. 'अध्यक्षांच्या चिरंजीवांना देत आहोत' अशी जाहिरात देता आली असती का?

पण कांटने एक गोष्ट गृहीत धरली आहे असं आम्हाला वाटतं. जाहीर केलेलं कोणीतरी वाचतं, हे त्याचं गृहीतक. भिंतीवर डकवलेली नोटीस कोणी वाचलीच नाही तर ती जाहीर झाली का? बेंथम या बाबतीत अधिक व्यवहारी होता. लोकमताला तो न्यायासन म्हणत असे, आणि न्यायासनासमोर पुरावा यावा लागतो हे त्याला वकिली शिकल्यामुळे ठाऊक होतं.

पुरावा रोज गोळा करणारा माणूस कसा असतो हे मुंबईने विसाव्या शतकात पाहिलं. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॅकबेची भरणी सुरू झाली. समुद्रात भिंत घालायची, बंदरातला गाळ ड्रेजरने खेचून आत टाकायचा आणि नवी मुंबई उभी करायची, असा बेत. आजची नवी मुंबई नव्हे हो, मरीन ड्राइव्हच्या बाजूची! खर्च अंदाजाबाहेर गेला, ड्रेजर अपेक्षेइतका गाळ काढेना, आणि टाकलेला गाळ भिंतीतून झिरपून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खुर्शेद फ्रामजी नरिमन हे तरुण वकील कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांत या योजनेचे आकडे मागत राहिले: किती घनयार्ड गाळ, किती तास काम, किती पैसे. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि त्यात नरिमन सुटले. १९२६ मध्ये ग्रिमवूड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. योजना बरीच आखडती घ्यावी लागली. आज जिथे कोट्यवधींच्या जागा आहेत त्या टोकाला नरिमन पॉइंट म्हणतात, हे कदाचित न्यायाचं झालं.

आमच्या अभियंत्यांना नरिमनांची ही कथा फार आवडते, कारण तीही गाळाचीच आहे. पण आम्ही त्यातून एक वेगळी गोष्ट उचलली. नरिमनांना प्रत्येक आकडा झगडून मिळवावा लागला. आपल्यापुढची अडचण जवळजवळ उलट आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर महाराष्ट्राने २००२ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला, २००५ मध्ये देशाचा आला. त्याच्या चौथ्या कलमाने कार्यालयांनी न मागताच बरीच माहिती जाहीर करायची आहे. राज्याच्या निविदा 'महाटेंडर्स'वर येतात. केंद्राची खरेदी बघणारं पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं आणि त्याची जागा ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालेल्या 'जेम' या ऑनलाइन बाजाराने घेतली. आता खुर्चीवर बसून एवढं दिसतं, की दिसूनही काही दिसत नाही.

आणि त्यात एक बारीकशी ग्यानबाची मेख आहे. दफ्तरातला कागद जपण्यासाठी काही करावं लागत नाही, फक्त त्याला वाळवी लागू द्यायची नाही. संकेतस्थळाचं पान मात्र नवं झालं की जुनं गेलं. शुद्धिपत्रक निघालं, मुदत वाढली, अट बदलली, की कालचं पान कसं होतं हे सांगायला बहुधा कोणी उरत नाही. निविदा पोर्टलवर शुद्धिपत्रकं मागे राहतात, पण कार्यालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर तेवढी शाश्वती नसते. म्हणून आमच्या यंत्राला आम्ही आता हेर म्हणत नाही, दफ्तरदार म्हणतो. त्याचं पहिलं काम बातमी आणणं नाही. दिसलेल्या प्रत्येक पानाची तारीखवार प्रत ठेवणं, हे पहिलं. प्रत्येक प्रतीचा एक अंगठा घेऊन ठेवतो, म्हणजे गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा बदलतो.

कुणाला असंच काही उभं करायचं असेल तर आमच्या चुकांमधून थोडं सांगतो. सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'कोण खरेदी करतं' हे ठरवण्यात. आम्ही समजत होतो, वसई-विरार शहर महानगरपालिका. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून ती झाली. तिथलं लोकनियुक्त सभागृह जून २०२० मध्ये संपल्यावर वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत होते, म्हणजे स्थायी समितीत उठून प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. त्यामुळे तिच्याकडे पाहणं गरजेचं होतंच. पण नळाचं पाणी घ्या. सूर्या प्रकल्पाची ४०३ दशलक्ष लिटरची योजना एमएमआरडीएची. त्यातले १८५ दशलक्ष लिटर आपल्या वाट्याचे, २१८ मीरा-भाईंदरचे. म्हणजे आपल्या तोंडच्या पाण्याच्या पाइपांचं गिऱ्हाईक वांद्र्याला बसतं! विजेचे खांब महावितरण घेतं, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खातं करतं, गावातल्या शाळा पालघर जिल्हा परिषदेच्या, आणि रेल्वेची खरेदी तिच्या स्वतःच्या वेगळ्याच पोर्टलवर. यादी करता करता आमची वही भरली.

दुसरी अडचण शब्दांची. एकच काम कुठे 'नालेसफाई', कुठे 'गाळ काढणे', कुठे 'पावसाळापूर्व कामे', कुठे इंग्रजीत 'डिसिल्टिंग', आणि तेही देवनागरीत तीन प्रकारे लिहिलेलं. शाळामास्तरांनी या शब्दांची एक वही केली आहे, आमच्या साऱ्या उद्योगातला तोच सर्वात मौल्यवान दस्तऐवज आहे. जुने मराठी कागद युनिकोडपूर्व फाँटमधले असतात. माणसाला ते मराठी दिसतात, यंत्राला मात्र नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. स्कॅन केलेल्या ठरावांवर शिक्का नेमका आकड्यावर बसलेला असतो. तिथे यंत्राने हात टेकले की बँकेतल्या बाई भिंग घेऊन बसतात.

निविदा पोर्टलवर शोधताना चित्रातली अक्षरं टाइप करायला लावतात, यंत्रं येऊ नयेत म्हणून. तो अडसर फोडायचा नाही, हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं. तिथे चौघांपैकी एक जण हाताने जातो, पाळी लावलेली आहे. बाकी पानांवरही यंत्र दिवसातून एकदाच जातं. जे संकेतस्थळ आपल्याच करातून चालतं त्याला उगाच धाप कशाला लावायची?

अलीकडे नातीने भाषा समजणारं नवं यंत्र जोडलं. त्याला साध्या मराठीत सांगायचं, 'दर सोमवारी पालघर जिल्ह्यातल्या पाणी आणि गटारांच्या नव्या निविदा शोध आणि मागच्या आठवड्यापेक्षा काय बदललं ते सांग.' ते शोधतं आणि छान परिच्छेद लिहून देतं. फारच छान! एकदा त्याने दिलेला निविदा क्रमांक शोधायला गेलो, तर तसा क्रमांकच अस्तित्वात नव्हता. तेव्हापासून नियम असा: ज्या वाक्यामागे पानाचा पत्ता आणि आमच्याकडची जतन केलेली प्रत नाही, ते वाक्य वहीत जात नाही. आमच्या मते शब्दप्रमाणाला आप्तवाक्याची अट का घातली होती ते अशा वेळी कळतं.

तुम्ही विचाराल, एवढं करून सापडलं काय? कोणाला घोटाळ्याची अपेक्षा असेल तर निराशा होईल. एका निविदेत दुसऱ्या शुद्धिपत्रकाने 'समान कामाचा अनुभव' ही अट बदललेली दिसली. आम्ही दोन्ही प्रती जोडून पत्र दिलं. उत्तर आलं की निविदापूर्व बैठकीत छोट्या कंत्राटदारांनीच ती अट जाचक असल्याचं सांगितलं होतं. बैठकीचं इतिवृत्त मागवलं, त्यात तसंच होतं. म्हणजे बदल स्पर्धा वाढवणारा निघाला. वालीवला व्हॉल्व्हचा लहानसा कारखाना चालवणारे एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत, ते हसले. म्हणाले, "सर, आम्ही तर पोटासाठी हे रोज वाचतो. मला विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं." खरं आहे. निविदेची सूचना मुळात लिहिली जाते विक्रेत्यासाठी, आणि तिचा सर्वात जुना, सर्वात चिकाटीचा वाचक तोच. युक्रेनने २०१६ मध्ये सारी सरकारी खरेदी 'प्रोझोरो' या खुल्या प्रणालीवर आणली आणि तिच्या जोडीला 'दोझोरो' हे तक्रारींचं व्यासपीठ उभं राहिलं, तेव्हा त्यांनी विक्रेते आणि नागरिक यांना एकाच पानावर बोलायला बसवलं. आपल्याकडे हे दोघे अजून एकमेकांना ओळखत नाहीत. वालीवचे ते गृहस्थ आता आमच्याकडे पाचवे म्हणून येतात. मात्र ज्या निविदेत ते स्वतः बोली लावतात, तिची चर्चा त्यांच्यासमोर होत नाही. हा नियम त्यांनीच सुचवला.

एकवीस दिवसांच्या त्या फजितीनंतर निरोपाचं रूपही बदललं. यंत्र आता नुसतं 'नवीन काही नाही' म्हणत नाही. ते आधी स्वतःचा हिशेब देतं: किती पानं पाहायची होती, किती उघडली, प्रत्येकावर किती ओळी सापडल्या, शेवटची नवी ओळ किती दिवसांपूर्वीची. एखादं पान नेहमीपेक्षा जास्त दिवस गप्प राहिलं तर ते तसं कळवतं, आणि मग चौघांपैकी कोणीतरी उठून पाहतं.

आज पहाटेचा निरोप आमच्यासमोर आहे. पाहायची पानं बेचाळीस, उघडली एकेचाळीस. न उघडलेलं पान कालही उघडलं नव्हतं. फोन केला, कोणी उचलला नाही. अभियंते उद्या सकाळी साडेदहाला त्या कार्यालयात जाणार आहेत आणि सूचना फलकाचा फोटो काढून आणणार आहेत.